आधी टाकी, मग गाडी : घरशाळेत रोबोटिक्स शिकवताना

आमच्या बेळगावच्या शहापुरात नळाला पाणी आलं की पहिली धावपळ मोटर चालू करायची आणि दुसरी ती बंद करायची. दुसरी हमखास राहून जाते. गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते, पाणी शेजारच्या अंगणात पडतं आणि समोरच्या मावशी ओरडतात, "अवो, पाणी वाहूलालंय!" आमच्या घरात रोबोटिक्स खऱ्या अर्थानं शिरलं ते या ओरडण्यामुळं. थोरली तेव्हा अकरा वर्षांची होती, धाकटा आठचा. दोघंही घरीच शिकतात. थोरली म्हणाली, "मावशींच्या आधी आपल्याला कळायला नको काय?"

त्याच्या आधी मी एक चूक करून बसलो होतो. चार हजारांचं तयार किट ऑनलाइन मागवलं होतं. चित्रं बघून मुलांनी एका दुपारीत गाडी जोडली, दोन दिवस ती भिंतीला धडकत फिरली आणि नंतर कपाटावर गेली ती गेलीच. टाकीच्या भोंग्याला मात्र दीड महिना लागला आणि तो अजून वाजतो. त्यामुळं "कुठलं किट घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुमच्या घरात रोज कुठलं काम कुणीतरी विसरतं? तिथून सुरुवात करा. चाकांची गाडी नंतर.

पहिले दोन आठवडे : फक्त बघायचं

रोबो म्हणजे डोळे असलेला पत्र्याचा माणूस, ही समजूत मुलांच्या डोक्यातून आधी काढावी लागते. रोबोला तीन गोष्टी लागतात : काहीतरी जाणवणं, त्यावरून ठरवणं आणि मग काही करणं. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. "कळतं कशानं", "ठरवतं कोण", "करतं काय". घरातली इस्त्री तापली की आपोआप बंद होते. कळतं कशानं? आतल्या दोन धातूंच्या पट्टीनं, जी तापली की वाकते. ठरवतं कोण? तीच पट्टी. कुकरची शिट्टी, फ्रिज, गिझर, सगळं या वहीत बसतं आणि एक पैसा खर्च होत नाही.

मग घराबाहेर पडा. आपल्या भागात ही चैन आहे, आणि आपल्याला तिची किंमत नाही. वडगाव, खासबाग, शहापुरात अजून यंत्रमाग चालतात. ओळखीच्या विणकराकडं मुलांना अर्धा तास उभं करा. जिथं जॅकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) आहे तिथं वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समध्ये हा जॅकार्ड १८०४ साली निघाला, म्हणजे संगणकाच्या कितीतरी आधी. धाकट्यानं तिथं विचारलं, "पुठ्ठे उलटे लावले तर?" मागवाले हसले आणि म्हणाले, "मग मोर पालथा येईल." प्रोग्राममधली चूक म्हणजे काय, हे त्याला त्या एका वाक्यात कळलं. मी तासभर बोलूनही ते जमलं नसतं.

खानापूर, निपाणी, चिकोडीच्या बाजूला राहत असाल तर शेतीपंपाच्या मोटरी वाइंडिंग करणारं दुकान शोधा. प्रत्येक बाजारगावात असतंच. जळालेली तार कशी काढतात, नव्या तारेचे वेढे मोजून कसे भरतात, रोटर (फिरणारा भाग) आणि स्टेटर (स्थिर भाग) यांत किती बारीक फट असते, हे तिथं हातात घेऊन बघता येतं. आणि गणपतीच्या दिवसांत गल्लीतल्या मंडळाचा हलता देखावा मागून बघायला मिळतो का विचारा. पुढून राक्षसाचा हात वर-खाली होतो, मागं एक मोटर, एक चाकती आणि कडेला खिळ्यानं अडकवलेला दांडा असतो. गोल फिरणं पुढं-मागं होण्यात कसं बदलतं याचं एवढं स्वच्छ प्रात्यक्षिक दुसरीकडं नाही. त्या रात्री आमच्या घरी वाद झाला : देखाव्यातला राक्षस रोबो आहे का? त्याला काही जाणवत नाही, तो नुसता हलतो. थोरलीनं "नाही" लिहिलं. धाकट्यानं शेजारी "पण भीती वाटते" असं लिहून ठेवलंय. ते मी खोडू दिलेलं नाही.

मग बाबाला रोबो करा

संगणकाला हात लावण्याआधी हा खेळ दोन-चार दिवस खेळा. आईनं किंवा बाबानं रोबो व्हायचं आणि मुलांनी कागदावर लिहिलेल्या सूचनांनी त्याच्याकडून चहा करून घ्यायचा. रोबोनं अक्षरशः तेवढंच करायचं. "पाणी घाल" म्हटलं की घालतच राहायचं, कारण थांब कुणी म्हटलेलं नाही. "साखर घाल" म्हटलं की डबाच उचलायचा. पहिल्या दिवशी आमच्या ओट्याची जी अवस्था झाली, त्यावर बायको अजून बोलते. तिसऱ्या दिवशी कागदावर आपोआप "दोन चमचे होईपर्यंत", "उकळी आली तर", "नाहीतर थांब" आलं. प्रोग्रामिंगमधली पुनरावृत्ती आणि अट ती हीच.

हे कागद मराठीतच लिहा. पुढं प्रोग्रामचे ब्लॉक इंग्रजीत येतील, व्हिडिओ हिंदीत असतील, गल्लीत कन्नड असेल. पण विचार ज्या भाषेत होतो त्या भाषेत तो आधी कागदावर उतरला पाहिजे. आमच्यात खेळायला येणाऱ्या कन्नड घरच्या पोरानं त्याच्या वहीत "नीरु तुंबिदरे" असं लिहिलं, म्हणजे पाणी भरलं तर. मुलं त्यावर बराच वेळ हसली, कारण आमच्याकडं पाणी तुंबतं ते गटारात, आणि त्याच्याकडं घागरीत. पण अट तिघांनाही एकच कळली होती.

हातात मोटर

आता पहिली खरेदी, आणि तीही किरकोळ. खेळण्यातल्या दोन छोट्या मोटरी (मोडक्या खेळण्यातून काढल्या तर उत्तम), दोन पेन्सिल सेलचा खोका, एक बटण, थोडी वायर, चार-पाच एलईडी आणि एक साधा मल्टिमीटर (वीज मोजायचं छोटं यंत्र). मल्टिमीटरवर कंजुषी करू नका. सर्वांत स्वस्तातला चालतो, पण घरात हवाच.

कपडे घासायच्या जुन्या ब्रशवर मोटर चिकटवायची, तिच्या दांड्यावर एका बाजूला रबराचा किंवा मेणाचा गोळा लावायचा आणि सेल जोडायचे. वजन एकीकडं असल्यामुळं मोटर थरथरते आणि ब्रश टेबलभर पळत सुटतो. मग प्रश्न विचारा. वायरी उलट्या जोडल्या तर? गोळा मोठा केला तर? एका सेलवर? उत्तर सांगू नका, वहीत अंदाज आधी लिहायला लावा आणि मग करून बघा. कचऱ्यातून असली खेळणी करायचं बाळकडू अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान केंद्रात बसून कितीतरी पिढ्यांना दिलं. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतूनही भरपूर साहित्य फुकट आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सहा महिने तेवढं पुरतं. घाई नसेल तर बोर्ड (ज्यात प्रोग्राम भरतात ती छोटी संगणक-पाटी) घेऊच नका.

याच टप्प्यावर मल्टिमीटरनं "वायर सलग आहे का" हे तपासायची सवय लावा. टोकं एकमेकांना लावली की टूं वाजतं ती सेटिंग. पुढचा निम्मा वेळ त्या टूंवर वाचतो.

बोर्ड, केबल आणि वाया गेलेले दोन दिवस

दहा-अकराच्या पुढच्या मुलांसाठी मी आर्डुइनो उनो सुचवेन. आर्डुइनोची सुरुवात २००५च्या सुमारास इटलीतल्या इव्रियात विद्यार्थ्यांसाठी झाली, आता हा बोर्ड सगळीकडं मिळतो. त्याचा नकाशा खुला असल्यामुळं नकली नव्हे पण दुसऱ्यांनी बनवलेले बोर्ड साधारण चारशे-सहाशे रुपयांत येतात. त्याला वायरी जोडायचे १४ डिजिटल पाय (पिना), ६ अॅनालॉग पाय आणि ५ व्होल्ट. लहानांना बीबीसीचा मायक्रोबिट सोपा जातो, कारण त्यावर २५ दिवे, दोन बटणं आणि हालचाल ओळखणारा सेन्सर आधीच असतो. पण तो बराच महाग पडतो आणि त्याचे पाय ३ व्होल्टचे, म्हणून आपले बहुतेक स्वस्त सेन्सर त्याला थेट जोडता येत नाहीत.

बोर्डसोबत ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची पाटी), जंपर वायरी, २२० ओहमचे रेझिस्टर, बझर आणि अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या. सगळं मिळून हजार-बाराशेत बसतं. छोटे भाग शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात, तिथूनच घ्या. मुलांना काउंटरवर उभं राहून "लाल, लाल, तपकिरी…" असा रेझिस्टरचा रंग वाचून मागू द्या.

केबलबद्दल मात्र सावध. आमचा बोर्ड आला, दिवा लागला, पण लॅपटॉपला तो दिसेचना. ड्रायव्हर (बोर्ड ओळखायचं सॉफ्टवेअर) टाकला, लॅपटॉप बदलला, विकणाऱ्याला दोन मेल केल्या. दोन दिवसांनी थोरलीनं मोबाइलची दुसरी केबल लावून बघितली आणि बोर्ड लगेच दिसला. आधीच्या केबलीत फक्त चार्जिंगच्या वायरी होत्या, माहिती नेणाऱ्या नव्हत्याच. म्हणून पहिला नियम : बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला, मग पोर्ट, आणि मग सीएच३४० हा ड्रायव्हर टाका. स्वस्त बोर्डांना तो बहुधा लागतो.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडं, दिवसभर वीज ये-जा करते आणि पार्सलही वेळेवर येत नाही. तेव्हा टिंकरकॅड वापरा. ते ब्राउझरमध्ये फुकट चालतं, त्यात आर्डुइनो, सेन्सर, मोटर सगळं पडद्यावर जोडता येतं आणि प्रोग्राम ब्लॉक ओढून करता येतो. चूक केली तर पडद्यावरचा एलईडी जळाल्यासारखा दिसतो आणि खिशातला पैसा जात नाही. पालकांनी आपल्या नावानं वर्ग उघडून मुलांना कोडनं आत घ्यावं. पण महिनाभर नुसत्या पडद्यावर राहू नका. पडद्यावरची वायर कधी सैल होत नाही, आणि खरं शिक्षण सैल वायरीत आहे.

पहिला प्रयोग सगळ्यांचा तोच, एलईडी लुकलुकवणं. एवढ्यावर थांबू नका, त्यातला हिशोब करून घ्या. पायावर ५ व्होल्ट येतात, लाल एलईडी त्यातले साधारण २ घेतो, उरतात ३. ते २२० ओहममधून गेले की ३ भागिले २२०, म्हणजे सुमारे ०.०१४ अँपियर, १४ मिलिअँपियर. बोर्डचा एक पाय सुखानं २० पर्यंत देतो. रेझिस्टर का लावायचा, हे "नाहीतर जळेल" असं सांगण्यापेक्षा या भागाकारानं कळू द्या. आमच्याकडं दशांश अपूर्णांक याच आठवड्यात पक्के झाले.

टाकीचा भोंगा

आता ते काम. लागणारं सामान : बोर्ड, अल्ट्रासॉनिक सेन्सर, बझर, मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर, झाकणाचा प्लास्टिक डबा आणि दोन तारांची लांब केबल.

आधी बादलीवर. एचसी-एसआर०४ हा दोन डोळ्यांसारखा दिसणारा सेन्सर एका डोळ्यातून आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि दुसऱ्यानं प्रतिध्वनी ऐकतो. त्याच्या ट्रिग पायाला १० मायक्रोसेकंद ५ व्होल्ट द्यायचे आणि इको पाय किती मायक्रोसेकंद चालू राहतो ते मोजायचं. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक सेंटीमीटरला २९ मायक्रोसेकंद, जाऊन-येऊन ५८. मिळालेल्या आकड्याला ५८ नं भागलं की सेंटीमीटर. हे ५८ मुलांना काढू द्या. इंटरनेटवरून उचललेला ५८ ही नुसती पाटी, काढलेला ५८ ही त्यांची मालमत्ता.

बादलीत तळापासून दोन-दोन तांबे पाणी घालत जायचं. प्रत्येक वेळी पट्टीनं मोजलेलं अंतर एका रकान्यात, सेन्सरनं सांगितलेलं दुसऱ्यात. आमच्या तक्त्यात सुरुवातीला सेन्सर भलतेच आकडे दाखवायचा, कारण तो बादलीच्या कडेला अगदी खेटून धरला होता. आवाज शंकूसारखा पसरत जातो. मीटरभर खाली तो सुमारे पाव मीटर रुंद झालेला असतो, म्हणून टाकीत सेन्सर भिंतीपासून निदान वीतभर आत हवा. हे पुस्तकात सापडलं असतं. पण धाकट्यानं ते बादली फिरवून शोधलं.

मग मराठीत कागदावर : पाणी सेन्सरपासून ३५ सेंटीमीटरपेक्षा जवळ आलं तर भोंगा वाजव, नाहीतर गप्प. वरून पाणी पडत असताना पृष्ठभाग हलतो, त्यामुळं एखादा आकडा चुकतो आणि भोंगा उगाच पिपतो. उपाय मुलांनीच काढला. सलग पाच वेळा तसंच दिसलं तरच वाजव. "एकदा ऐकून विश्वास ठेवायचा नाही," असं थोरलीनं त्या ब्लॉकच्या वर लिहिलंय.

गच्चीवर नेताना तीन गोष्टी. एक, बोर्ड टाकीजवळच ठेवा आणि खाली स्वयंपाकघरात फक्त बझरच्या दोन तारा आणा. सेन्सरच्या तारा लांबवल्या की आकडे बिघडतात. दोन, डब्याला वायरीची भोकं खालच्या बाजूला पाडा, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. तीन, बॅटरीची गरज नाही. वीज असेल तेव्हाच मोटर चालते आणि मोटर चालते तेव्हाच टाकी वाहते. हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी बॅटरी विकत घ्यायला निघालो होतो, तेव्हा धाकट्यानं अडवलं.

पहिला सेन्सर तीन आठवड्यांत गेला. टाकीच्या आतली वाफ रात्री थंड होऊन त्याच्या जाळीवर दव धरायची. मग पाणी न शिरणारा, गाडीच्या मागं बसवतात तसला एका डोळ्याचा सेन्सर घेतला. तो टिकला. पण त्याला सुमारे २०-२५ सेंटीमीटरच्या आतलं दिसतच नाही. पाणी तेवढं जवळ आलं की तो काहीच्या बाही सांगतो. आधी आम्ही १५ सेंटीमीटरला वाजवत होतो, ते ३५ वर न्यावं लागलं ते यामुळं. आणखी एक गंमत : एप्रिलच्या उन्हात काळ्या टाकीतली हवा तापते, आणि गरम हवेत आवाज जलद जातो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. पंधरा अंशांनी मीटरभर अंतरात अडीच सेंटीमीटरचा फरक पडतो. भोंग्याला तेवढ्यानं बिघडत नाही. थोरलीनं मात्र तापमानाचा सेन्सर जोडून तेही दुरुस्त केलं. मी "गरज काय?" म्हणालो आणि लगेच गप्प बसलो.

मोटर आपोआप बंद करू या, असा हट्ट होईलच. नाही म्हणा. रिले (विजेनं चालणारं बटण) लावून २३० व्होल्टचा पंप बंद करणं हे मुलांचं काम नाही, आणि बऱ्याच पालकांचंही नाही. ते वायरमनकडून करून घ्या, किंवा भोंग्यावरच समाधान माना. आम्ही मानलं.

आता गाडी

चाकांचा मोह आता पुरवायला हरकत नाही. दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअर असलेल्या छोट्या मोटरी), त्यांची ६५ मिलिमीटरची चाकं, पुढं एक फिरतं चाक, एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डच्या सिग्नलवर मोटरींना करंट देणारा भाग) आणि दोन आयआर (अवरक्त प्रकाशाचे) सेन्सर. सांगाडा विकत घेऊ नका. जाड पुठ्ठा, पीव्हीसीची पट्टी किंवा उद्यमबागेत ओळख असेल तर पत्र्याचा कापलेला तुकडा, काहीही चालतं. तिथल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये मुलाला नेऊन "याला इथं तीन मिलिमीटरचं भोक हवंय" असं त्याच्या तोंडून म्हणवून घ्या. मापानं बोलायची सवय लागते.

बॅटरी हा इथला सगळ्यांत मोठा खड्डा. किटमध्ये ९ व्होल्टचा चौकोनी सेल देतात. त्यावर रिमोट चालतो, मोटरी नाही, कारण तो पुरेसा करंट देऊच शकत नाही. दुसरं म्हणजे हा ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. चार साधे सेल म्हणजे ६ व्होल्ट, मोटरीला उरतात ४ आणि गाडी रांगते. आम्ही पुन्हा भरता येणारे सहा एनआयएमएच सेल लावतो. प्रत्येकी १.२ म्हणजे ७.२, त्यातले २ गेले, मोटरीला ५.२. ही गणितं मुलांना जमतात, आणि जमली की "बाबा, चाक फिरंना झालंय" हे वाक्य कमी ऐकू येतं.

बोर्डला आम्ही वेगळी पॉवर बँक लावतो. तिथं दोन भानगडी होतात. काही पॉवर बँका एवढ्याशा करंटला "काही जोडलेलंच नाही" समजून अर्ध्या मिनिटात झोपतात, त्यामुळं जुनी, साधी पॉवर बँक बरी. दुसरी भानगड म्हणजे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचा पाय. सेलची काळी वायर आणि बोर्डचा ग्राउंड एकमेकांना जोडलेले नसतील तर ड्रायव्हरला सिग्नल कळतच नाही. मोटरी कधी फिरतात, कधी थरथरतात, कधी ढिम्म. आमचा एक अख्खा रविवार यात गेला. शेवटी मल्टिमीटर लावला आणि टूं वाजलं नाही, तेव्हा कळलं.

पहिल्यांदा सेन्सरशिवाय गाडी सरळ चालवा. चालणार नाही. दोन मोटरी एकसारख्या कधीच नसतात आणि गाडी एकीकडं झुकते. चाकाचा घेर दोऱ्यानं मोजा, साधारण २० सेंटीमीटर येईल. दहा फेऱ्यांत २ मीटर जायला हवं. प्रत्यक्षात किती गेली, किती झुकली ते खडूनं फरशीवर आखा आणि मग वेगवान मोटरीचा वेग कमी करत जुळवा.

मग काळ्या रेषेवरून चालणं. आयआर सेन्सर पांढऱ्यावरून परतलेला प्रकाश मोजतो. काळ्यावरून तो परतत नाही. आपल्याकडच्या शहाबादी फरशीवर किंवा कडप्प्यावर हे जमत नाही, फरशीच काळपट असते. फ्लेक्सच्या जुन्या बॅनरची मागची पांढरी बाजू वापरा. सणावारानंतर गल्लीत मागितला की मिळतो. त्यावर इन्सुलेशनची काळी टेप चिकटवा. वळणं आधी मोठी ठेवा. खिडकीतलं ऊन थेट पडत असेल तर पडदा ओढा, उन्हातही आयआर असतो आणि सेन्सर गोंधळतो. आमची गाडी सकाळी अकरापर्यंत शहाण्यासारखी चालायची आणि दुपारी वेड्यासारखी. त्यामागं हे ऊन होतं.

सांभाळायच्या गोष्टी

सोल्डरिंग (वायरी डाग देऊन जोडणं) बारा वर्षांच्या पुढं, मोठं माणूस शेजारी बसून, खिडकी उघडी ठेवून, आणि नंतर साबणानं हात धुऊन. लिथियमचे सुटे सेल, विशेषतः जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, मुलांच्या हाती देऊ नका. शॉर्ट झाले तर पेटतात. बाकी ५-९ व्होल्टांत मुलांनी मनसोक्त चुका कराव्यात.

वेळापत्रक आणि सोबत

आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास, एवढं पुरे. रोज केलं की कंटाळा येतो आणि पंधरा दिवसांनी केलं की वायर कुठली कुठं होती ते विसरतं. भावंडांना एकाच कामावर बसवा पण वेगवेगळी खुर्ची द्या. आमच्यात थोरली प्रोग्राम लिहिते, धाकटा मोजतो आणि जोडतो, आणि दर दुसऱ्या आठवड्याला अदलाबदल होते. बिघाडाची वही मात्र एकच : काय झालं, काय वाटलं, काय निघालं. त्या वहीत आता एकशे दहाच्या वर नोंदी आहेत. माझ्या मते अभ्यास म्हणून दाखवायला याहून चांगलं काही नाही.

दाखवायचं कुणाला, हा प्रश्न नातेवाईक विचारतातच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांचा हक्क लिहिलेला आहे, पण घरी शिकवण्याला नाव घेऊन परवानगीही नाही आणि पालकांना शिक्षाही नाही. बहुतेक घरं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची (एनआयओएस) वाट धरतात. तिथं दहावीच्या प्रवेशाला वय निदान १४ पूर्ण लागतं. रोबोटिक्सचा हिशोब, मोजमाप आणि वीज यांचा उपयोग तिथल्या गणित-विज्ञानात होतोच.

एकट्या घरात हे रखडतं. आजूबाजूच्या दोन-तीन घरांनी मिळून महिन्यातला एक शनिवार ठरवा, सामान एकत्र ठेवा, एकच मल्टिमीटर आणि एकच सोल्डरिंग गन फिरवा. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर मुख्याध्यापकांना भेटून सुट्टीच्या दिवशी मुलांना बसू देता का ते विचारा. काही जण हो म्हणतात, काही नाही. विचारायला काय जातंय. माच्छेजवळ विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, उद्यमबागेत गोगटे इन्स्टिट्यूट आहे. तिथं शिकणारं एखादं पोर गल्लीत भाड्यानं राहत असतंच. त्याला महिन्यातून एकदा जेवायला बोलवा आणि मुलांची बिघाडाची वही पुढं ठेवा. दोन तास कसे जातात ते कळत नाही. स्पर्धेची घाई मात्र नको. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडसारख्या स्पर्धांत दोन-तीन मुलांचा गट आणि एक प्रशिक्षक लागतो. मुलांच्या हातून दोन कामं घरात पक्की उभी राहिली, मगच तिकडं बघा.

गेल्या महिन्यात समोरच्या मावशींनी विचारलं, "आमच्या टाकीला पण बसवून देतीस काय गं?" थोरलीनं दोनशे रुपये मजुरी मागितली, मावशींनी दीडशे आणि एक डबा कुंदा असं ठरवलं. त्यांची टाकी सिमेंटची, चौकोनी आणि आमच्यापेक्षा बुटकी आहे. म्हणजे ३५ चा आकडा तिथं चालणार नाही, पुन्हा बादलीपासून सुरुवात. धाकटा टेप घेऊन त्यांच्या गच्चीवर गेलाय.